गांजाच्या वाणांची नावे : ओढणाऱ्याला किती उपयोगी, लावणाऱ्याला किती

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : 'ब्लू ड्रीम' या नावाचा गांजा आपण दोन परवानाधारक दुकानांतून घेतला, एकाने मन हलके झाले आणि दुसऱ्याने छातीत धडधड होऊन झोप उडाली. आता कायद्याने मुभा दिलेली मोजकी झाडे आपण घरी लावणार आहात आणि त्याच नावाचे बी एक विक्रेता इतरांच्या दुप्पट दराने देऊ पाहत आहे. अशा वेळी नावावर भरवसा ठेवावा की नावे ही केवळ विक्रीची युक्ती समजावी, असे आपण विचारले आहे.

मला वाटते, खरी अडचण वेगळी आहे. एकाच नावाकडून आपण तीन निरनिराळ्या गोष्टींची हमी मागत आहात : झाडाचा वंश कोणता, फुलात कोणती रसायने किती आहेत आणि ती ओढल्यावर आपल्याला कसे वाटेल. वंशाची हमी नाव कधी कधी देऊ शकते, रसायनांची अर्धीमुर्धी देते आणि परिणामाची जवळजवळ देतच नाही. शिवाय जी काही हमी मिळते ती ज्याने ते झाड वर्षानुवर्षे राखले आणि ज्याच्या हातून ते आपल्यापर्यंत आले, त्याच्या शिस्तीतून मिळते. मी आधी एका परवानाधारक रोपवाटिकेत मातृझाडे, म्हणजे ज्यांपासून कलमे घेतात ती झाडे, सांभाळण्याचे आणि नंतर फुलांचे रासायनिक पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आहे. पुढचे विवेचन त्या दोन्ही बाजूंनी आहे. उत्तरातील बराच भाग परिस्थितीवर अवलंबून आहे. आपण कलम घेता की बी, आपल्या भागात नमुन्यांची तपासणी सक्तीची आहे की नाही आणि आपले शरीर टीएचसीला, म्हणजे गांजातील नशा आणणाऱ्या रसायनाला, किती सरावलेले आहे, यांवर निष्कर्ष बदलतो.

नावे कशी पडली हे आधी पाहू. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक नावांचे मूळ अशा काळात आहे, जेव्हा लागवड बेकायदा होती. 'स्कंक नंबर वन', 'हेझ', 'नॉर्दर्न लाइट्स', 'ओजी कुश' ही नावे ज्यांनी दिली त्यांना नोंदवही ठेवणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करण्यासारखे होते. झाडे हातोहात फिरली, चिठ्ठ्या पुसल्या गेल्या आणि कोणाचे संकर कोणापासून झाले याच्या कहाण्या तोंडी राहिल्या. इतर पिकांत असे चालत नाही. लागवडीखालील वनस्पतींच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे आणि वनस्पतींच्या नव्या वाणांच्या संरक्षणासाठी झालेल्या १९६१ च्या यूपोव्ह या आंतरराष्ट्रीय करारानुसार वाणाला संरक्षण हवे असेल तर तो इतरांहून वेगळा, आपापसांत एकसारखा आणि पिढ्यान्पिढ्या स्थिर असल्याचे दाखवावे लागते. गांजाच्या बाजारातील फारच थोडी नावे या कसोटीतून गेलेली आहेत. अमेरिकेत राज्यांनी परवानगी दिली तरी केंद्रीय कायदा आड येत असल्यामुळे गांजाच्या फुलासाठी केंद्रीय व्यापारचिन्हही मिळत नाही. परिणामी कोणीही कोणत्याही फुलावर कोणतेही लोकप्रिय नाव चिकटवू शकतो आणि त्याला विचारणारा कोणी नसतो.

याची उलट बाजूही आहे. झाड तेच राहते आणि नाव बदलते. 'गोरिला ग्लू' हा वाण डिंक बनवणाऱ्या त्याच नावाच्या कंपनीने केलेल्या दाव्यानंतर २०१७ मध्ये 'जीजी फोर' झाला. त्या बदलाने झाडाचे एक पानसुद्धा वेगळे झाले नाही. केवळ नावावर विसंबणाऱ्या ग्राहकासाठी मात्र तो एक नवा वाण झाला.

मग प्रत्यक्षात एका नावाखाली एकच झाड विकले जाते का? कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये गांजाच्या ८१ आणि औद्योगिक हेंपच्या (धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या, नशा नसलेल्या जातीच्या) ४३ नमुन्यांची जनुकीय तुलना प्रसिद्ध केली. त्यात एकाच नावाचे दोन नमुने एकमेकांपेक्षा भलत्याच नावाच्या नमुन्याला जवळचे निघाल्याची उदाहरणे वारंवार आढळली. २०१९ मध्ये कोलोरॅडो, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांतील दुकानांतून घेतलेल्या ३० वाणांच्या नमुन्यांवर अशीच तपासणी झाली आणि बहुतेक वाणांत निदान एक तरी नमुना बाकीच्यांहून वेगळ्या वंशाचा निघाला. प्रयोगशाळेतला माझा अनुभव याच्याशी जुळतो. एकच नाव असलेली दोन पाकिटे एकाच दिवशी टेबलावर यावीत आणि त्यांच्या सुवासिक घटकांचे आलेख एकमेकांना ओळखही दाखवू नयेत, यात आम्हाला आश्चर्य वाटेनासे झाले होते. एकाच उत्पादकाकडून त्याच मातृझाडाची फुले पुन्हा आली की मात्र आलेखांचा आकार बहुधा जुळत असे. आपल्या दोन 'ब्लू ड्रीम'पैकी एक खोटा होता असे मी म्हणणार नाही. दोन्ही पाकिटांवर एकच नाव होते याहून अधिक काही त्यावरून सिद्ध होत नाही, एवढेच मी म्हणेन.

'इंडिका' आणि 'सॅटिव्हा' या शिक्क्यांबद्दल आपण विचारलेले नाही, पण नावाबरोबर तेही पाकिटावर येतात, म्हणून दोन शब्द. लिनियसने १७५३ मध्ये कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिले ते युरोपातील धाग्याच्या झाडाला आणि लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका वेगळी केली. आज दुकानात जे 'सॅटिव्हा' म्हणून उत्साहवर्धक आणि 'इंडिका' म्हणून झोप आणणारे सांगितले जाते, त्याचा या वर्गीकरणाशी संबंध उरलेला नाही, कारण मधल्या काळात सगळ्यांचे सगळ्यांशी संकर होऊन गेले आहेत. अमेरिकेतील सहा राज्यांतल्या जवळपास ९०,००० नमुन्यांच्या रासायनिक अहवालांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे शिक्के आणि फुलातील रसायने यांचा मेळ बसला नाही. २०२१ च्या दुसऱ्या एका अभ्यासात 'इंडिका' म्हटल्या जाणाऱ्या फुलांत मायर्सीनसारखी काही टर्पीन, म्हणजे वास देणारी संयुगे, अधिक आढळली. म्हणजे लोक बहुधा वासावरून शिक्का मारत असावेत. उंची, पानांची रुंदी आणि फुलण्याचा काळ यांबाबत बोलताना लागवड करणारे हे शब्द वापरतात, तेव्हा त्यांना थोडा अर्थ असतो. मन:स्थितीबाबत मला तो दिसत नाही.

आता रसायने. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण नावाला काही अर्थ उरतो तो बहुतेक येथेच. फुलातील टीएचसी आणि सीबीडी (नशा न आणणारे दुसरे मुख्य रसायन) यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असते. एका झाडात टीएचसी भरपूर आणि सीबीडी नाममात्र, दुसऱ्यात दोन्ही मध्यम, तिसऱ्यात सीबीडी भरपूर आणि टीएचसी नाममात्र, असे तीन ढोबळ प्रकार पडतात आणि हे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात ते २००३ मध्ये संकर करून दाखवले गेले आहे. झाडाला पाणी कमी दिले किंवा दिवे बदलले म्हणून पहिल्या प्रकाराचे झाड तिसऱ्या प्रकारात जात नाही. एकूण प्रमाण किती भरेल, हे मात्र प्रकाश, अन्नद्रव्ये, काढणीची वेळ आणि फूल झाडावर कोणत्या उंचीवर होते, यांवर बरेच हलते. एकाच झाडाच्या शेंड्याकडील आणि तळाकडील फुलांत फरक पडतो. तेव्हा दोन प्रामाणिक उत्पादकांनी एकाच कलमापासून घेतलेल्या फुलांचे आकडेही थोडेफार वेगळे येणारच.

वासाचे गणित याहून नाजूक आहे. मायर्सीन, लिमोनीन, टर्पिनोलीन, कॅरिओफायलीन ही टर्पीन कोणत्या क्रमाने अधिक असतील हे झाडाच्या वंशावर ठरते आणि म्हणूनच मूळ कलम ओळखण्यासाठी तो क्रम बऱ्यापैकी उपयोगी पडतो. त्यांतील हलकी टर्पीन सुकवण्याच्या खोलीत उष्णता वाढली किंवा पाकीट महिनोन्महिने दुकानात पडून राहिले की उडून जातात. उरलेल्या फुलाचा वास आणि ओळख दोन्ही बदलतात. टीएचसीचेही हवा आणि उजेड यांमुळे हळूहळू सीबीएन या दुसऱ्या संयुगात रूपांतर होते. शिवाय ज्या उग्र वासावरून जुनी नावे पडली तो टर्पीनचा नसून गंधकयुक्त संयुगांचा असल्याचे २०२१ मध्ये दाखवण्यात आले आणि ती संयुगे इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात की नेहमीच्या टर्पीन अहवालात ती दिसतच नाहीत. जाणकार माणूस पाकीट उघडून नाकाने जे ओळखतो ते अनेकदा अहवालात सापडत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

परिणामाच्या हमीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तेथे नावाची बाजू फार लंगडी आहे. आपल्याला कसे वाटेल हे किती टीएचसी शरीरात गेले, किती वेगाने गेले, आपली सवय किती आहे, पोटात काय आहे, आधीची मन:स्थिती कशी होती आणि आपली अपेक्षा काय होती, यांवर ठरते. टीएचसीचे थोडे प्रमाण जेथे चिंता घालवते तेथे अधिक प्रमाण ती निर्माण करते, ही गोष्ट प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेली आहे. आपल्या दोन अनुभवांतील फरकाचे सर्वांत साधे स्पष्टीकरण हेच असू शकते की दुसऱ्या वेळी आपण अधिक ओढले किंवा फूल अधिक ताजे होते. टीएचसीचा आकडा मोठा म्हणजे नशा तेवढ्याच पटीने मोठी, असेही नाही. २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासात नियमित सेवन करणाऱ्यांनी १६ टक्के आणि २४ टक्के टीएचसी असलेली फुले आपल्या मर्जीने ओढली, तेव्हा दोन्ही गटांच्या नशेत लक्षणीय फरक दिसला नाही. टर्पीनचा परिणाम अजिबात नसतो, असे मात्र मी म्हणत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात टीएचसीबरोबर लिमोनीनची वाफ दिल्यावर टीएचसीमुळे येणारी चिंता कमी झाली. मात्र सर्वाधिक फरक दिसला तेथे लिमोनीनची मात्रा १५ मिलिग्रॅम होती आणि फुलाच्या एखाद्या झुरक्यात तेवढे लिमोनीन सहसा मिळत नाही. तेव्हा 'हा वाण शांत करतो' या दुकानदाराच्या वाक्याला या प्रयोगाचा आधार घेता येणार नाही.

म्हणून ओढणाऱ्याने नावाच्या आधी चार गोष्टी पाहाव्यात, असा माझा सल्ला असतो. उत्पादक कोण, तुकडीचा क्रमांक काय, काढणी किंवा पॅकिंगची तारीख कोणती आणि त्या तुकडीचा अहवाल काय सांगतो. अहवालात 'एकूण टीएचसी' लिहिलेले असेल तर ते मोजलेल्या टीएचसीए या आम्लाला ०.८७७ ने गुणून त्यात मोकळे टीएचसी मिळवून काढलेले असते. तापवल्यावर हे आम्ल टीएचसीत बदलते आणि त्यात वजन घटते, म्हणून हा गुणक लागतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : मोठ्या आकड्याला अधिक दर मिळतो, म्हणून फुगवलेले आकडे देणाऱ्या प्रयोगशाळेकडे नमुने पाठवण्याचा मोह उत्पादकांना होतो आणि दुकानातून घेतलेल्या पाकिटांची स्वतंत्र तपासणी केल्यावर लेबलापेक्षा कमी टीएचसी भरल्याचे प्रसंग नोंदले गेले आहेत. आपल्याला जो गांजा मानवला त्याच्या पाकिटाचे छायाचित्र जपून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच उत्पादकाची, तशाच टर्पीन क्रमाची आणि तितकीच ताजी तुकडी मागा. नाव तेच असेल तर उत्तम आणि नसेल तरी चालेल.

लागवड करणाऱ्यासाठी चित्र बरेच बदलते. त्याला नाव हवे असते ते मन:स्थितीसाठी नव्हे, वेळापत्रकासाठी. झाड फुलायला किती आठवडे घेते, ताणून उंच होते की बुटके राहते, पेरे लांब पडतात की आखूड, भुरी लवकर धरते का, फुले इतकी घट्ट होतात का की दमट हवेत करडी बुरशी त्यांना आतून कुजवते, हे सगळे त्याला आधी माहीत असावे लागते. छाट कलमाने वाढवलेले झाड आपल्या मातृझाडाची जनुकीय प्रत असते, म्हणून अशा कलमाचे नाव ही खरोखर उपयोगी माहिती असते. अट एवढीच की नावाबरोबर ते कलम कोठून आले हेही कळले पाहिजे. आमच्या रोपवाटिकेत चिठ्ठीवर नुसते नाव लिहिण्याची परवानगी नव्हती. नाव, देणाऱ्याचा संकेतांक, मातृझाडाचा क्रमांक आणि कलम घेतल्याची तारीख या चारही गोष्टी लिहाव्या लागत. त्यांतील नाव पुसले गेले तरी आमचे काम अडत नसे, मातृझाडाचा क्रमांक पुसला गेला तर ते रोप सरळ फेकून द्यावे लागे.

मूळ आणि नाव दोन्ही खरे असूनही कलम फसवू शकते. हॉप लेटंट व्हायरॉइड नावाचा अतिसूक्ष्म रोगकारक २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील गांजाच्या रोपांत आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्याची लागण झालेली झाडे खुजी राहतात, फांद्या ठिसूळ होतात, फुलावरचे राळेचे दाणे विरळ पडतात आणि टीएचसी घटते. कित्येक झाडे वरून धडधाकट दिसतात आणि त्यांच्यापासून घेतलेली कलमे तो रोग घेऊनच पुढे जातात. छाटणीच्या पात्यावरून तो पसरतो आणि अल्कोहोलने पाते पुसून तो जात नाही, त्यासाठी ब्लीचचे द्रावण लागते. 'हा वाण आता पूर्वीसारखा राहिला नाही' ही तक्रार ऐकली की मी वंश बिघडल्याचा निष्कर्ष काढण्याआधी या रोगाची तपासणी सुचवतो. दीर्घकाळ जपलेल्या झाडाच्या पेशींत लहान उत्परिवर्तने साचत जातात हेही अलीकडे दाखवले गेले आहे, पण माझ्या मते घरी लावणाऱ्याला त्याची चिंता नंतर करावी लागेल, व्हायरॉइडची आधी.

आता बी, आणि आपला मुख्य प्रश्न येथे सुटतो. 'ब्लू ड्रीम' हा 'ब्लूबेरी' आणि 'हेझ' यांचा संकर सांगितला जातो आणि त्याची कीर्ती झाली ती एका निवडलेल्या झाडाच्या कलमांमुळे. आवडलेल्या सफरचंदाची बी पेरून तेच सफरचंद मिळत नाही, तसे येथे आहे : अशा संकरित झाडाचे बी धरले की आईबापांच्या गुणांची नव्याने वाटणी होते आणि प्रत्येक रोप वेगळे भावंड निघते. बी विकणारे सहसा मूळ कलमाला रसायनाने, बहुधा चांदीच्या थायोसल्फेटने, नरपुष्पे आणायला लावतात आणि त्याच्याच परागाने त्याचे स्वपरागीकरण करतात. असे बी मादी रोपे देते, पण ती मूळ झाडाची प्रत नसते. काहींत मूळचा वास येतो, काहींची वाढ मूळ झाडासारखी असते, दोन्ही एकत्र येतील तो योग. मूळ कलम हाती नसताना दुसऱ्याच कोणत्या दोन झाडांचा संकर करून त्याला प्रसिद्ध नाव देणारेही आहेत आणि पाकीट पाहून हा फरक कळत नाही.

एकसारखे बी मिळणे अशक्य आहे असे नाही. आईबापांचे शुद्ध वंश अनेक पिढ्या राखून त्यांचा पहिल्या पिढीचा संकर विकला, तर मका किंवा टोमॅटोप्रमाणे गांजाचीही रोपे एकसारखी येतात आणि असे बी आता बाजारात येऊ लागले आहे. नाव अर्थपूर्ण करता येते याचे उत्तम उदाहरण औषधी गांजात सापडते. नेदरलँड्समध्ये २००३ पासून औषधालयांत मिळणाऱ्या औषधी गांजातील 'बेड्रोकॅन' या वाणात टीएचसी सुमारे २२ टक्के आणि सीबीडी १ टक्क्याहून कमी, तर 'बेडिऑल'मध्ये टीएचसी ६.३ आणि सीबीडी ८ टक्के, असे ठरलेले प्रमाण असते. एकच वंश, नियंत्रित लागवड आणि प्रत्येक तुकडीची तपासणी यांमुळे तेथे नाव वाचले की रसायने कळतात.

तेव्हा दुप्पट दराचे बी घ्यावे की नाही, हे विक्रेत्याच्या उत्तरांवर ठरवा. बी मूळ कलमाच्या स्वपरागीकरणाचे आहे, परत-संकराचे (संततीचा पुन्हा मूळ झाडाशी केलेल्या संकराचे) आहे की शुद्ध वंशांच्या पहिल्या पिढीचे, असे त्याला सरळ विचारा. आईबापांची व्हायरॉइड तपासणी झाली होती का आणि त्या बियाण्यापासून आलेल्या निरनिराळ्या रोपांचे रासायनिक अहवाल दाखवता येतील का, हेही विचारा. नेमकी उत्तरे मिळाली तर जादा दर देण्यात मला गैर वाटत नाही, कारण ते पैसे निवडीच्या कष्टांचे असतात. उत्तरादाखल वाणाची सुरस कहाणीच ऐकायला मिळाली तर स्वस्त बी घ्या. आपल्या भागात तपासलेले कलम अधिकृतपणे विकत मिळत असेल आणि आपल्याला तोच विशिष्ट वास हवा असेल, तर बियांच्या वाटेला न जाता ते कलम घ्यावे.

बीच लावायचे ठरले तर सर्व रोपांना क्रमांक द्या, फुलोऱ्यावर नेण्यापूर्वी प्रत्येकाचे एक कलम काढून त्यावर तोच क्रमांक लिहा आणि फुले नीट सुकवून मुरवून झाल्यावरच निवड करा, कारण ओल्या फुलाचा वास पुष्कळदा फसवतो. जे झाड आपल्याला मानवेल त्याचे कलम ठेवा, बाकीची काढून टाका. फक्त त्याआधी आपल्या भागातील नियम पाहून घ्या, कारण मुळे फुटलेले कलमही अनेक ठिकाणी पूर्ण झाड म्हणून मोजले जाते आणि त्या हिशेबाने सुरुवातीलाच किती बिया रुजवायच्या ते ठरवावे लागेल.